न वाचलेलं पान

तिच्या अंध वडिलांनी तीस वर्षं झाडांच्या साली चाचपून ब्रेलच्या ठिपक्यांनी वही भरली. “शास्त्रज्ञ असून चर्चला जाता? देव पाहिलाय कधी?” असं कुणी डिवचलं की ते हसायचे, “बायको तरी कुठे पाहिलीय? संसार केलाच की!” ते गेल्यावर तिने वही बांधायला दिली. शेवटचं, न वाचलेलं पान स्मृतिसभेत मोठ्याने वाचायला राखून ठेवलं होतं. सभेच्या सकाळी बाइंडरने ऐटीत वही पुढे केली. “पानांना नुसते फोड आलेले, ताई. प्रेसखाली दाबली. कशी इस्त्री मारल्यासारखी दिसते!” तिने शेवटचं पान चाचपलं. बोट घसरतच गेलं. तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, फोड कसले? बाबांची अक्षरं होती ती!” तो कावराबावरा झाला. “देवाशपथ, पानं कोरी होती. मला काहीच दिसलं नाही.” “कोरी नव्हती, काका. आता झाली.”