काळं मॅग्नेट

“पुन्हा सांगा. धातू अजिबात घातला नव्हता?”

“नाही, मॅडम. चिमूटभरसुद्धा नाही.”

सेमिनार हॉलमध्ये कुजबुज झाली. नव्या रसायन संशोधकांचा सेमिनार होता आणि व्यासपीठावर ती उभी होती. तिच्या आधीच्या सगळ्यांना टाळ्या मिळाल्या, तिच्या वाट्याला प्रश्न आले. रेणूच्या उघड्या साखळीची टोकं जुळवून नायट्रोजनचं वलय करायचं, तर पॅलेडियमसारखा महागडा धातू लागतो, असं सगळी पुस्तकं सांगतात. हिने ते धातूशिवाय केलं होतं, तेही दर वेळी. दुसऱ्या दोन प्रयोगशाळांनी तिच्याच कृतीवर डोकं आपटलं, तरी वलयाचा पत्ता नव्हता. खोटारडी हा शब्द अजून कुणी उच्चारला नव्हता, पण तो पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता.

“लॅबमध्ये तुमच्याबरोबर कोण असतं?” अध्यक्ष मॅडमनी विचारलं.

“कुणी नाही. एकटीच असते.”

म्हणजे साक्षीलाही कुणी नाही. मागे कुणीतरी खुसखुसलं.

पूर्वी शेजारच्या टेबलावर दादा असायचा. सख्खा भाऊ नव्हे, लॅबमधला सीनियर; पण फ्लास्क धरायला शिकवलं ते त्याने, आणि पहिला फ्लास्क फुटला तेव्हा सरांची बोलणी खाल्ली तीही त्याने. तीन वर्षं तो पॅलेडियम घालून हेच वलय जुळवायला झटला. हाती फक्त काळा गाळ आला. “एवढं महागाचं पॅलेडियम कुठे गडप होतं, कुणास ठाऊक!” म्हणत तो स्वतःवरच हसायचा. मग हसणंही थांबलं. एक दिवस गाशा गुंडाळून तो रंगाच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि तिचे फोन उचलेनासा झाला. तेव्हापासून लॅबमध्ये आवाज करायला उरला तो एग्झॉस्टचा पंखा. ती दिवसभर कुणाशी एक शब्द न बोलता घरी जायची.

“ढवळायला काय वापरता?” मॅडमनी मध्येच विचारलं.

इतका साधा प्रश्न ऐकून हॉल हसला. तिने एप्रनच्या खिशातून ते काढलं: फ्लास्कमध्ये टाकून गरगर फिरवायचं, बोटाच्या पेराएवढं मॅग्नेट. नवं असताना त्याचं आवरण पांढरंशुभ्र असतं. हे ओरखड्यांनी भरलेलं आणि काळंठिक्कर होतं.

“नवी मिळतात की डबाभर. हे कशाला?”

खरं सांगावं तर हसं होणार होतं.

“दादाचं आहे, मॅडम. माझ्या आधी तोच या वलयावर काम करायचा. हे फिरत असलं, की लॅबमध्ये आणखी कुणीतरी आहे असं वाटतं.”

कुणी हसलं नाही. मॅडमनी मॅग्नेट उजेडात धरून नखाने खरवडलं.

“तो पॅलेडियम वापरायचा?”

“हो. पण नाही जमलं त्याला.”

“थोडक्यात हुकलं त्याचं. तो हात सैल सोडून घालत असणार. जास्त पडलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि ते निकामी होतं. या वलयाला लागतं कणभर. तेवढं त्याचं पॅलेडियम या ओरखड्यांत बसलंय.” मॅडमनी ते तिच्या तळहातावर परत ठेवलं. “उद्या नवं टाकून बघ, वलय होणार नाही. तू खोटं बोलली नाहीस. पण धातूशिवायचा शोध वगैरे आता विसर, बाळ.”

वर्षभराची मेहनत एका वाक्यात गेली. आता ही रडणार, असं सगळ्यांना वाटलं. तिला मात्र हसू फुटलं, आणि डोळे भरले ते त्यानंतर.

बाहेर जिन्यात तिने फोन काढला. दादा उचलणार नव्हताच, म्हणून तिने मेसेज लिहिला:

“दादा, तुझं पॅलेडियम सापडलं. वर्षभर आपण दोघं मिळून काम करत होतो.”