पगारवाढीची तालीम

वाटूरला तृप्तीमॅडम शाळेत शिकवायला गेल्या, की त्यांच्या तीन वर्षांच्या बबलूला दैवशालाबाई सांभाळायच्या. पगार वाढवून मागायचा नुसता विचार केला तरी बाईंना भीती वाटायची. मॅडम म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका, तर? म्हणून आज दिवसभर त्यांनी बबलूलाच मॅडम करून समोर बसवलं आणि बोलण्याची तालीम केली.

संध्याकाळी मॅडम दारात येताच बाईंनी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं आणि एका दमात बोलून टाकलं, "मॅडम, पाचशे वाढवा. न्हाईतर परतूरच्या डॉक्टरीणबाई बोलावून राह्यल्या मला."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. दुसरी बाई आणायची कुठून? आता भीती दोन्हीकडं बराबर झाली.

"अहो बाई, असं एकदम सोडून जायचं नाव काढू नका! पाचशेच ना?" म्हणत मॅडमनी घाईघाईनं पर्स उघडली.

बाईंचा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात दोघींच्या मधे उभा असलेला बबलू टाळ्या वाजवत, अगदी बाईंच्याच सुरात, तालमीतलं पुढचं वाक्य म्हणाला,


"न्हाई दिले तरी येनारच ना मी, राजा. तुझ्याबिगर करमतंय का मला?"