पत्र्यापलीकडचं गाव

पंप सुरू झाला आणि शेडमधल्या नदीच्या मॉडेलच्या वरच्या टोकाकडून दोन्ही उपनद्या खाली निघाल्या, सिमेंटच्या पात्रातून, मनगटाएवढ्या रुंद. प्रयोगशाळेत त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली मनाला येईल तशी यायची. धाकटीवर धरण होतं आणि त्याचे दरवाजे साहेबांच्या हातात होते. दोघी शहराच्या डोक्यावर एकत्र येत, शहराला वळसा घालत आणि सीमा आली की एका उभ्या पत्र्यावरून थेट गटारात पडत. पलीकडच्या देशाने आपल्या बाजूची मोजमापं कधीच दिली नव्हती, त्यामुळे मॉडेलमधलं जग तिथे संपायचं.

आज ते संपत नव्हतं. हे मॉडेल बांधणाऱ्या मिस्त्रींनी पत्रा काढून नदी पुढे नेली होती. पुढचं वळण, वाळूचा बांध, बांधाआड शाळा, लाकडाची वखार, आणि लाल छपराचं एक लाकडी घर. काल साहेबांनी विचारलं होतं, ही मापं दिली कुणी? मिस्त्री म्हणाले होते, मुलीने.

मुलगी सीमेपलीकडे, त्याच गावात दिलेली होती. रोज काम सुटायच्या वेळेला तिचा फोन यायचा. लाइन खराब, म्हणून ती बोलेल ते मिस्त्री मोठ्याने पुन्हा म्हणून खात्री करून घ्यायचे. तिच्या सासूचा गुडघा, नवऱ्याची बढती, मांजरीची पिल्लं, सगळं अख्ख्या शेडला ठाऊक होतं. मिस्त्रींनी फोन ठेवायच्या आत पंपवाला जावईबापूंचं अभिनंदन करून मोकळा व्हायचा. गावही असंच एकेक करून आलं. शाळेपासून वखारीपर्यंतचं अंतर तिने स्वतः पावलांनी मोजून सांगितलं होतं. तुझं गाव करतोय म्हटल्यावर ती खूप हसली होती.

तिला एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. पुरात खऱ्या धरणाचे दरवाजे एकदम उघडायचे की बेताबेताने, हे या आठवड्यात ठरणार होतं. एकदम उघडले की शहरावरचा पूर लवकर निघून जाणार होता. बेताबेताने उघडले तर धरणामागची शेतं बुडून राहणार होती. पत्र्यापलीकडे काय होईल, हे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. साहेबांनी ते एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढंच मिस्त्रींना हवं होतं. साहेब काही वाईट माणूस नव्हते. मिस्त्रींची बायको गेली तेव्हा ते स्मशानात शेवटपर्यंत थांबले होते.

साहेबांनी सगळे दरवाजे एकदम वर केले.

प्रवाह दिसावा म्हणून पाण्यावर टाकलेला लाकडाचा भुसा सुसाट निघाला. शहरात पाणी बाजाराच्या पायरीला लागलं. मग सीमा ओलांडून वळणावर थडकलं, शाळेपाशी बांध ओला झाला, खचला, आणि पाणी गावात शिरलं. लाल छपराचं घर क्षणभर उभं राहिलं आणि कलंडलं.

"साहेब, बघा," मिस्त्री म्हणाले.

साहेब तिकडे बघतच नव्हते. ते शहरातलं पाणी मोजायच्या पट्टीवर वाकले होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मिस्त्री, पलीकडे फुटलं की इकडे उतरतं."

त्यांना मनापासून आनंद झाला होता. त्यांनी बांध पुन्हा रचायला लावला, पुन्हा पाणी सोडलं. पुन्हा तेच. पत्रा होता तोवर हे कुणाच्या बापाला कळलं नसतं, असं म्हणत त्यांनी मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. फक्त फुटायला जरा उशीर होत होता, तेवढ्यात बाजार भिजत होता. याहून आधी फुटेल अशी कच्ची जागा कळली, तर दरवाजे त्या हिशेबाने उघडता येतील. मुलीला विचारा, म्हणाले.

मिस्त्री म्हणाले, ती घरात असते, तिला बांधातलं काय कळतंय.

"पावलं मोजलीच की तिने," साहेब म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी मानेनेच घ्या म्हटलं. आज काम आहे, उद्या बोलू, एवढंच बोलून ठेवायचं, असं मिस्त्रींनी ठरवलं आणि फोन कानाला लावला. पण मुलगी त्यांना बोलू देईल तर ना. इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही, ती सांगत होती, सगळे पुरुष बांधावर गेलेत, हेसुद्धा. मध्येच लाइन खरखरली.

"कुठे? वखारीच्या मागे?" मिस्त्री नेहमीसारखे मोठ्याने म्हणाले. "खचलाय? नुसती पोती टाकलीत?"

पंपवाल्याने मान खाली घातली.

साहेबांनी वखारीमागे वाळूच्या बांधात बोट रोवून एक खाच केली. मग लाल छपराचं घर पाण्यातून उचललं, रुमालाने पुसलं, नीट जागेवर ठेवलं आणि पंपवाल्याला खूण केली.

"बाबा, ऐकताय ना?" मुलगी विचारत होती. "छप्पर लालच केलंत ना आमचं?"

"लाल," मिस्त्री म्हणाले.