शेठजींना मालूम नव्हतं ते

लॅपटॉपवर समोरचा वकील बोलत होता आणि सुगत शेजारी बसलेल्या ताराचंद शेठजींकडे धास्तीने बघत होता.

"उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायचा तर धान गरम पाण्यात भिजवतात. सगळे सत्तर अंशांवर, यांनी ब्याऐंशीवर, थोडाच वेळ. तांदळाचा कुबट वास गेला, मान्य. पण यात शोध कसला? आकडे खालीवर करत धंद्यातला कोणीही इथे पोचला असता."

हे पेटंट अधिकाऱ्याला पटलं, तर सुगतचं पेटंट गेलं. मग वकिलामागची बडी कंपनी तीच रीत उचलणार आणि लाखनीतली त्याची इवलीशी राइस मिल बसणार.

धंद्यातला जाणता साक्षीदार म्हणून शेठजी आले होते. सुगत काम शिकला तो त्यांच्याच मिलमध्ये. माणूस लाखमोलाचा, पण खोड एकच. कोणी काही नवं सांगितलं, की "त्यात काय, मले मालूमच होतं!" शेजाऱ्याची गाय व्याली तरी शेठजींना आधीच मालूम असायचं. आज तेवढं वाक्य तोंडातून निघालं की खेळ खलास.

"ताराचंदजी, पाणी इतकं तापवून बघावं, असं तुम्हाला कधी सुचलं होतं?" अधिकाऱ्याने विचारलं.

शेठजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नाही साहेब. एवढ्या गरम पाण्यात धान फुटते, असंच आमी समजत होतो. मले मालूम नव्हतं."

सुगतला रडूच कोसळलं.

गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. शेठजींना एक गोष्ट मालूम नव्हती म्हणे! जो तो चिडवायचा आणि शेठजी गुमान ऐकून घ्यायचे.

पेटंट मिळालं त्या दिवशी सुगत पेढे घेऊन एकोडीला त्यांच्या घरी गेला. शेठजी शेतावर, धानाच्या बांधीत गेले होते. त्यांच्या पत्नी कुंताबाई परसात होत्या.

"बस बाबू, जेवूनच जा," त्या म्हणाल्या.

चुलीवर ड्रम होता. त्यात घरच्या खाण्यापुरतं धान भिजत घातलेलं. बाजूच्या खिळ्याला थर्मामीटर टांगला होता आणि त्यावर धुराने काळा पडलेला एक धागा घट्ट बांधलेला होता. सुगतने बोटाने काजळी पुसली. धागा ब्याऐंशीवर होता.

"तो धागा हलवू नको गा," कुंताबाई म्हणाल्या. "तू आमच्या मिलमध्ये लागला ना, त्याच्या आधीपासून आमचं खायचं धान तुझे शेठजी त्याच खुणेवर भिजवतेत."