उजवीकडचा बाण

छापखान्यात पुस्तकांची पानं लावणाऱ्या ताईंनी पुन्हा तक्रार केली, तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा जरा वैतागूनच वर आला. माऊस त्याने बदलून दिला होता, वायर तपासली होती, सेटिंगमध्ये जाऊन बाण चांगला ठसठशीत केला होता. तरी ताईंचं पालुपद तेच, "अरे, उजवीकडे नेला की बाण गडप होतो. तुम्ही लोक नुसते येऊन जाता."

"तुम्ही हात काढा. मी फिरवतो, तुम्ही समोर बघत सांगा," असं म्हणून त्याने बाण डाव्या कडेवरून सावकाश सरकवायला घेतला.

"आहे... आहे... हा गेला बघ! आता तरी पटलं?" ताईंना जिंकल्यासारखं झालं.

तो स्क्रीनकडे बघतच राहिला. बाण मधल्या रेषेच्या जरासा उजवीकडे, ढळढळीत समोर होता. त्याने हळूच आपला पंजा ताईंच्या उजव्या गालाशेजारी धरून हलवला. ताई समोर बघत तशाच बसून होत्या, त्याच्या उत्तराची वाट बघत.

स्टूल ओढून तो त्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसला.

"ताई, माऊसचं राहू दे. घरी आत्ता कोण असतं? त्यांना बोलावून घेऊ. तोवर मी तुम्हाला डॉक्टरांकडे नेतो."

ताईंनी आवाज एकदम खाली आणून विचारलं, "बाण तिथेच आहे का रे?"