भीड

केनवडच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या देवमनचं पत्र टेबलावर तसंच पडून होतं. "गुरुजी, बुद्धपौर्णिमेला खीर खायला घरी या." हे तिसरं वर्ष. गेल्या वर्षी, दुष्काळातही, बोलावणं चुकलं नव्हतं. पण चारचौघांत जेवायला बसलो की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. भाच्याच्या लग्नातूनही मी उपाशीच परतलो होतो.

"त्याले उत्तर काहून देत नाई?" माझ्या बायकोने, चतुराने, विचारलं.

"भीड वाटते."

"कायची भीड, अवो?"

"भीड म्हणजे संकोच, लाज," मी सवयीने शब्दकोशातलं सांगितलं.

चतुरा थकल्या आवाजात म्हणाली, "तुमच्या पुस्तकात असन तसं. पन आपन पाटलाच्या घरचे, अन् तो बौद्धवाड्यातला. तुमी दोन वर्सं त्याच्याघरी जेवले नाई, तुमच्या या न जेवन्याले त्याच्या वाड्यातले लोक काय म्हनत असतीन?"

या वयात हे मला दुसऱ्याने सांगावं लागलं. त्याच दुपारी मी पोस्टाच्या पेटीत कार्ड टाकलं: "देवमन, येतो. माझं ताट तुझ्याशेजारी मांड. घास अडकला, तर तुझ्या माठातलं पाणी दे."