कच्चं लिंबू

सुनेनं मैत्रिणीकडून शिकलेला खेळ घरी मांडला. "अगदी सोपा आहे. कुणी राजा व्हायचं, कुणी चेटकीण. काय करायचं ते बोलायचं आणि फासा टाकायचा. चार किंवा त्याच्या वरचं दान पडलं तर जमलं, नाहीतर नाही."

सासरे विचारायच्या आत राजा झाले. सासूबाईंकडे बोट दाखवून म्हणाले, "हिला कच्चं लिंबू घ्या. हिच्या डोक्यात नियम शिरायचे नाहीत."

राजेसाहेबांनी राक्षस मारायला फासा टाकला. एक पडला.

"हे धरायचं नाही. टेबलच वाकडं आहे!"

"बाबा, फासा म्हणेल तेच. त्याच्यापुढे राजाचंही चालत नाही."

"राजाचंही?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"राजाचंही, आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीतून नेहमीची हाक आली, "अगं, चहा आण!"

सासूबाईंनी कनवटीचा फासा काढला, ओट्यावर टाकला, आणि अगदी मायेनं सांगितलं, "दोनच पडले हो. आज नाही जमायचं."